जुना गुन्हा, नवी नोकरी : पूर्वचारित्र्य पडताळणीत कायदा काय पाहतो?

नवी दिल्ली : लेखी परीक्षा झाली, मैदानी चाचणी झाली, वैद्यकीय तपासणीही पार पडली, की उमेदवाराच्या हाती शेवटचा कागद येतो. सरकारी परिभाषेत त्याला साक्षांकन नमुना म्हणतात. वडिलांचे नाव, गेल्या पाच वर्षांतील वास्तव्याचे पत्ते, शाळा-महाविद्यालये अशी निरुपद्रवी माहिती भरत उमेदवार एका रकान्यापाशी येऊन थांबतो. तेथे प्रश्न एकामागोमाग एक उभे असतात. आपणास कधी अटक झाली आहे काय? आपल्यावर कधी खटला भरण्यात आला आहे काय? कधी स्थानबद्ध करण्यात आले होते काय? वर्तणुकीचे बंधपत्र घेण्यात आले होते काय? न्यायालयाने कधी दंड केला आहे काय? दोषी ठरविले आहे काय? एखादे प्रकरण आज प्रलंबित आहे काय? प्रत्येक प्रश्नापुढे ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढीच जागा असते. खोटी माहिती देणे अथवा माहिती दडविणे हे अपात्रतेचे कारण ठरेल, असा इशारा नमुन्याच्या माथ्यावरच छापलेला असतो.

शेताच्या बांधावरून भाऊबंदकीत झालेल्या मारामारीत चार चुलतभावांबरोबर ज्याचे नाव पोलिसांत गेले, महाविद्यालयातील मोर्चात ज्याला धरून नेले आणि संध्याकाळी सोडले, अशा तरुणाच्या दृष्टीने ते प्रकरण केव्हाच मिटलेले असते. ‘होय’ लिहावे तर हाती आलेली नोकरी जाईल, अशी भीती. ‘नाही’ लिहावे तर पुढे केव्हातरी उघडकीस येईल, ही धास्ती. देशाच्या उच्च न्यायालयांत आणि सर्वोच्च न्यायालयात या एका रकान्यावरून वर्षानुवर्षे खटले येत राहिले आहेत. त्यातील बहुसंख्य उमेदवार शिपाई, हवालदार, लिपिक अशा पदांचे आहेत, ही बाबही ध्यानात घेण्याजोगी आहे.

शब्दांचा घोळ

बोलताना आपण ‘त्याच्यावर केस आहे’ एवढेच म्हणतो. या एका वाक्यात पोलीस ठाण्यात गुन्हा नोंद होणे, अटक, दोषारोपपत्र, खटला, निर्दोष मुक्तता आणि दोषसिद्धी असे सारे टप्पे कोंबलेले असतात. कायद्याच्या दृष्टीने त्यांत महदंतर आहे. गुन्हा नोंद होणे म्हणजे केवळ आरोपाची नोंद. दोषसिद्धी ही न्यायालयाने पुरावा तपासून दिलेली, अथवा आरोपीने कबुली दिल्यावर नोंदविलेली गोष्ट आहे. नमुन्यातील प्रश्न मात्र या दोन्हींविषयी स्वतंत्रपणे विचारलेले असतात. त्यामुळे ‘मला शिक्षा झाली नाही, म्हणून मी नाही लिहिले’ हे उत्तर अटकेच्या रकान्यापुढे टिकत नाही.

हा भेद आपल्या देशात विशेष महत्त्वाचा ठरतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या कारागृहविषयक अहवालानुसार देशातील ५ लाख ७३ हजार २२० बंदिवानांपैकी ४ लाख ३४ हजार ३०२, म्हणजे ७५.८ टक्के, हे न्यायाधीन बंदी होते. तुरुंगात राहून आलेला प्रत्येक जण गुन्हेगार ठरलेला नसतो, हे सांगण्यास एवढी आकडेवारी पुरेशी आहे. पण अटकेचा रकाना त्यांतील प्रत्येकाला ‘होय’ लिहावयास लावतो.

त्यातच एक सापळा असा आहे की तो बहुतेकांना उमगतच नाही. किरकोळ गुन्ह्याच्या खटल्यात तारखांना कंटाळून ‘गुन्हा कबूल आहे’ असे सांगून शंभर-दोनशे रुपये दंड भरून मोकळे होण्याचा प्रघात आहे. प्रकरण मिटले, असे भरणारा समजतो. वस्तुतः त्याने स्वतःच्या हाताने दोषसिद्धी ओढवून घेतलेली असते. याउलट, तडजोडीस पात्र असलेल्या गुन्ह्यात फिर्यादीशी रीतसर तडजोड झाली, तर तिचा परिणाम निर्दोष मुक्ततेइतकाच असतो. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० मध्ये ही तरतूद होती. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये ती कायम आहे. दोन्ही मार्गांनी खटला एकाच दिवशी संपू शकतो. पण दहा वर्षांनी साक्षांकन नमुना भरताना त्यांतील अंतर कळते.

पोलिसांचे काम, नियोक्त्याचा निर्णय

भरलेला नमुना नियुक्ती प्राधिकाऱ्याकडून उमेदवाराच्या जिल्ह्यातील पोलिसांकडे जातो. संबंधित ठाण्याच्या नोंदी पाहिल्या जातात, पत्त्यावर चौकशी होते आणि अहवाल परत पाठविला जातो. गुन्हे व गुन्हेगार यांचा माग ठेवणाऱ्या देशव्यापी संगणकीय जाळ्यामुळे, म्हणजे सीसीटीएनएसमुळे, एका राज्यातील नोंद दुसऱ्या राज्यात दिसणे आता सुलभ झाले आहे. ‘परगावची भानगड इथे कोणाला कळणार’ हा जुना हिशेब त्यामुळे चुकू लागला आहे. पोलीस येथे केवळ माहिती देतात. नियुक्ती द्यावी की नाही, हा निर्णय नियोक्त्याचा असतो आणि तो त्याने स्वतः विचार करून घ्यावयाचा असतो. अहवालावर लाल शेरा दिसताच नियुक्ती रद्द करण्याची सवय अनेक कार्यालयांना आहे. न्यायालयांचे बहुतेक आक्षेप याच सवयीवर आहेत.

२०१६ चा निर्णय

या विषयावर सर्वोच्च न्यायालयाच्या निरनिराळ्या द्विसदस्य पीठांनी परस्परविरोधी निकाल दिले होते. काहींनी माहिती दडविणे हाच विश्वासघात मानला, काहींनी दडविलेली गोष्ट क्षुल्लक असल्याने ती पोटात घातली. अखेर ‘अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात न्यायमूर्ती रंजन गोगोई, न्यायमूर्ती अरुण मिश्रा आणि न्यायमूर्ती प्रफुल्ल पंत यांच्या त्रिसदस्य पीठाने २१ जुलै २०१६ रोजी हा गुंता सोडविण्याचा प्रयत्न केला. आजही पडताळणीचा कोणताही वाद याच निकालापासून सुरू होतो.

न्यायालयाने सांगितलेले पहिले सूत्र कठोर आहे : दोषसिद्धी, निर्दोष मुक्तता, अटक अथवा प्रलंबित खटला यांविषयी उमेदवाराने दिलेली माहिती खरी असलीच पाहिजे. त्यानंतर न्यायालय नियोक्त्याकडे वळते. खोटी माहिती दिली म्हणून नियुक्ती रद्द करताना त्या प्रकरणाची विशेष परिस्थिती विचारात घ्यावी, असे ते सांगते. कोवळ्या वयात दिलेल्या घोषणा किंवा तत्सम किरकोळ अपराध, ज्यामुळे तो मनुष्य त्या पदास अयोग्य ठरत नाही, अशा बाबतीत नियोक्ता दडविलेल्या माहितीकडे दुर्लक्ष करू शकतो. दोषसिद्धी किरकोळ स्वरूपाची नसेल, तर मात्र तो उमेदवारी रद्द करू शकतो किंवा सेवा समाप्त करू शकतो.

सर्वांत जास्त गैरसमज पुढील मुद्द्याबाबत आहे. उमेदवाराने सर्व काही प्रामाणिकपणे लिहिले, तरी नियुक्तीचा हक्क त्याला आपोआप मिळत नाही. नियोक्ता त्याचा पूर्वेतिहास विचारात घेऊ शकतो आणि त्याच्यावर नियुक्तीची सक्ती करता येत नाही. नैतिक अधःपतनाच्या अथवा घोर गुन्ह्यात तांत्रिक कारणाने सुटका झाली असेल आणि ती निष्कलंक मुक्तता नसेल, तरीही नियोक्ता सर्व बाबी पाहून योग्य तो निर्णय घेऊ शकतो. एकाहून अधिक खटले प्रलंबित असताना ते जाणूनबुजून लपविणे याला मात्र न्यायालयाने स्वतंत्र वजन दिले.

उमेदवाराच्या बाजूनेही काही भिंती या निकालाने उभ्या केल्या आहेत. नमुन्यातील प्रश्न नेमका असावा, मोघम नसावा. जे विचारलेच नाही ते सांगितले नाही म्हणून कोणाला दोषी धरता येणार नाही. ज्या खटल्याची उमेदवाराला माहितीच नव्हती, तो त्याने लपविला असे म्हणता येणार नाही. तसेच सेवेत कायम झालेल्या कर्मचाऱ्याला माहिती दडविल्याच्या कारणावरून काढावयाचे असेल, तर त्याआधी विभागीय चौकशी करावी लागेल.

त्याआधीचे आणि नंतरचे निकाल वाचले, की या सूत्रांचा प्रत्यक्ष अर्थ कळतो. मार्च २०११ मध्ये न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ज्ञानसुधा मिश्रा यांच्यासमोर दिल्ली पोलिसांतील लिपिकवर्गीय हवालदाराच्या उमेदवारीचे प्रकरण आले होते. विशीतील भांडणाचा खटला तडजोडीने मिटून त्याची मुक्तता झाली होती. अर्जात त्याने ही बाब लिहिली नव्हती. पुढे साक्षांकन नमुन्यात लिहिली. तरुणांच्या हातून चुका होतात, त्यांना आयुष्यभराचा शिक्का मारू नये, असे सांगताना पीठाने व्हिक्टर ह्यूगो यांच्या ‘ले मिझराब्ल’ कादंबरीतील, भाकरी चोरल्यामुळे जन्मभर चोर ठरलेल्या नायकाचा दाखला दिला. दोनच वर्षांनी, २०१३ मध्ये, त्याच दिल्ली पोलिसांच्या भरतीविषयी दुसऱ्या पीठाने वेगळा सूर लावला. पोलीस दलात येणाऱ्याचे चारित्र्य निष्कलंक हवे, साक्षीदार फिरल्याने किंवा तडजोडीने झालेली मुक्तता ही निष्कलंकतेची पावती नव्हे, असे ते पीठ म्हणाले. ही दोन टोके समोर ठेवल्याशिवाय २०१६ चा मध्यममार्ग समजत नाही.

त्यानंतरही तोल कधी या बाजूला, कधी त्या बाजूला झुकलेला दिसतो. २०२१ मध्ये राजस्थानच्या वीज पारेषण कंपनीच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले की, गुन्हा किरकोळ होता की नाही हा येथे प्रश्नच नाही. नोकरीच्या उंबरठ्यावरच जो खोटे बोलला त्याच्यावर नियोक्त्याने विश्वास का ठेवावा, हा प्रश्न आहे. मे २०२२ मध्ये रेल्वे सुरक्षा दलातील शिपायाच्या बाबतीत मात्र, माहिती दडविली एवढ्यावरून लेखणीच्या एका फटकाऱ्याने कोणाला घरी बसविता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले आणि त्याची पुनर्नियुक्ती केली. २०२४ च्या फेब्रुवारीत उत्तर प्रदेश पोलिसांतील एका उमेदवारालाही दिलासा मिळाला. हे सारे निकाल एकत्र वाचल्यावर इतके निश्चितपणे म्हणता येते : पद जितके संवेदनशील, तितकी मोजपट्टी कडक, गुन्हा जितका क्षुल्लक आणि जुना, तितकी क्षमेला जागा अधिक, आणि खोटे उत्तर बहुधा मूळ गुन्ह्यापेक्षा महाग पडते.

वीस रुपयांचा दंड

‘नैतिक अधःपतन’ हा शब्दप्रयोग सेवानियमांत, बँकिंग कायद्यात, पारपत्र कायद्यात सर्वत्र आढळतो. त्याची व्याख्या मात्र कोणताच कायदा करीत नाही. १९९६ मध्ये हरियाणातील एका चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील कृत्याच्या आरोपात, म्हणजे तेव्हाच्या दंड संहितेच्या कलम २९४ खाली, त्याने गुन्हा कबूल केला होता आणि त्याला २० रुपये दंड झाला होता. त्या २० रुपयांपायी त्याची नोकरी गेली. जे वर्तन मुळातच नीच, हीन अथवा भ्रष्ट असेल तेच नैतिक अधःपतन, असा अर्थ सांगून न्यायालयाने त्याला न्याय दिला. पण त्याहून महत्त्वाची त्या निकालातील सूचना आहे. किरकोळ खटल्यांतून सुटण्यासाठी हजारो लोक लोकअदालतींत गुन्हा कबूल करून दंड भरतात, याची दखल घेत न्यायालयाने संसदेला सुचविले की, सुमारे २ हजार रुपयांपर्यंतच्या दंडाची दोषसिद्धी ही सरकारी सेवेतील प्रवेशासाठी दोषसिद्धी मानूच नये, असा कायदा करावा. त्या सूचनेला आता पाव शतकाहून अधिक काळ लोटला. असा सर्वसाधारण कायदा अद्याप झालेला नाही.

ब्रिटनमध्ये १९७४ पासून पुनर्वसन कायदा आहे. ठरावीक काळ निर्वेध गेला, की बहुतेक दोषसिद्धी ‘सरलेल्या’ मानल्या जातात आणि सामान्य नोकरीच्या अर्जात त्या सांगाव्या लागत नाहीत. मुलांशी वा दुर्बलांशी संबंध येणारी कामे याला अपवाद आहेत. अमेरिकेत हवाई राज्याने १९९८ मध्ये अर्जाच्या पहिल्या पानावरील गुन्ह्याचा रकानाच काढून टाकला आणि पुढे अनेक राज्यांनी तो मार्ग धरला. भारतात काळाच्या ओघात दोषसिद्धी पुसली जाण्याची अशी सर्वसाधारण सोय नाही.

तरतुदी आहेत, पण त्या विखुरलेल्या. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्याखाली न्यायालय ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडून देऊ शकते. अशा व्यक्तीला दोषसिद्धीमुळे अन्य कायद्याखाली येणारी अपात्रता लागू होणार नाही, असे त्या कायद्याचे कलम १२ सांगते. याचा लाभ मर्यादितच आहे. मूळ वर्तन त्यामुळे पुसले जात नाही आणि विभागीय कारवाई थांबत नाही, असे न्यायालयांनी वारंवार स्पष्ट केले आहे. राजस्थानच्या वर उल्लेखिलेल्या प्रकरणातील उमेदवारालाही परिवीक्षेचा लाभ मिळालेला होता. त्याने तो सांगितला नाही, हे त्याला भोवले.

बालपणातील अपराधाच्या बाबतीत मात्र कायदा निःसंदिग्ध आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम २४ अशी दोषनिश्चिती अपात्रता ठरू देत नाही आणि अपिलाची मुदत संपल्यावर ठरावीक काळाने नोंदी नष्ट करण्यास सांगते. कलम ७४ पोलिसांना बजावते की, बंद झालेल्या वा निकाली निघालेल्या प्रकरणात बालकाची नोंद चारित्र्य प्रमाणपत्रासाठी उघड करावयाची नाही. सोळा वर्षांवरील मुलावर घोर अपराधासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालून तो दोषी ठरला, तर हे संरक्षण मिळत नाही. पालकांनी हे कलम जपून ठेवण्याजोगे आहे. कारण पडताळणीच्या अहवालात अशी नोंद चुकून उतरली, तर तिच्यावर हरकत घेण्याचा आधार तेच आहे.

खासदार होता येते, बँकेत लागता येत नाही

काही व्यवसायांत नियोक्त्याच्या विवेकाला जागाच नाही. कायदाच दार बंद करतो. बँकिंग नियमन कायदा, १९४९ च्या कलम १० प्रमाणे नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात केव्हाही दोषी ठरलेल्या व्यक्तीस बँकेला नोकरीत ठेवता येत नाही. येथे काळाची मर्यादा नाही. खासगी सुरक्षा संस्थांच्या २००५ च्या कायद्याने तर न्यायालयाने दोषी ठरविलेल्या व्यक्तीस सुरक्षारक्षक म्हणून नेमण्यासच मनाई केली आहे; गुन्हा कोणत्या प्रकारचा, हा भेदही तेथे केलेला नाही. शिक्षा भोगून आलेल्या, फारसे शिक्षण नसलेल्या माणसाला शहरात सहज मिळू शकणारे काम म्हणजे रखवालीचे. तेच त्याला बंद आहे.

याच्या शेजारी लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ८ ठेवून पाहावे. दोन वर्षे वा अधिक शिक्षा झालेल्या व्यक्तीला सुटकेनंतर सहा वर्षे निवडणूक लढविता येत नाही; त्यानंतर लढविता येते. कंपनीचे संचालक होण्यासाठी सहा महिन्यांहून कमी नसलेली शिक्षा संपल्यावर पाच वर्षे थांबावे लागते, सात वर्षे वा अधिक शिक्षा असेल तर मात्र कायमची बंदी. वकिलाच्या सनदेवरील बंदी सुटकेनंतर दोन वर्षांनी उठते. प्रवासी वाहतूक करणाऱ्या ॲप-कंपन्यांसाठी केंद्राने २०२० मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत चालकाची मागील सात वर्षे पाहण्यास सांगितले होते. म्हणजे शिक्षा भोगलेला मनुष्य कालांतराने कायदे करू शकतो, कंपनी चालवू शकतो, न्यायालयात बाजू मांडू शकतो. बँकेतला शिपाई किंवा इमारतीचा रखवालदार होऊ शकत नाही. या मुदतींमागे एखादे समान तत्त्व शोधू गेल्यास ते हाती लागत नाही.

मुलांशी संबंध येणाऱ्या संस्थांची गोष्ट वेगळी, आणि ती असावयासच हवी. पॉक्सो नियम, २०२० प्रमाणे मुलांना ठेवून घेणाऱ्या किंवा त्यांच्याशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करून घ्यावयाची आहे. बदलापूरच्या शाळेतील ऑगस्ट २०२४ च्या घटनेनंतर महाराष्ट्र शासनाने शाळांना कर्मचाऱ्यांच्या पडताळणीबाबत नव्याने आदेश दिले; मुळातला नियम त्याआधी चार वर्षे अस्तित्वात होता. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद सप्टेंबर २०१८ पासून आहे, परंतु ती केवळ तपास यंत्रणांसाठी खुली आहे. शाळेला किंवा पालकाला ती थेट पाहता येत नाही. मार्ग पोलीस पडताळणीचाच.

सेवेत असताना शिक्षा झाली तर

आधीच नोकरीत असलेल्याला शिक्षा झाल्यास संविधानाच्या अनुच्छेद ३११ च्या परंतुकानुसार सरकारी कर्मचाऱ्याला चौकशीविना बडतर्फ करता येते. ‘करता येते’ म्हणजे ‘केलेच पाहिजे’ असे नव्हे. दिल्ली दूध योजनेतील एका रोखपालाने कौटुंबिक आपत्तीत ५०० रुपये वापरले, पुढे ते भरले, गुन्हा कबूल केला. दंडाधिकाऱ्याने परिस्थिती जाणून त्याला परिवीक्षेवर सोडले. खात्याने मात्र त्याला बडतर्फ केले. १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या पीठाने ही शिक्षा लहरी ठरविली. शिक्षा देण्याच्या अधिकारात न्यायाने वागण्याचे कर्तव्य अंतर्भूत आहे, असे सांगून त्यांनी त्याला पूर्ण थकीत वेतनासह परत घेण्यास सांगितले.

अपील दाखल केले आणि जामीन मिळाला, म्हणजे नोकरी वाचली, हाही एक रूढ गैरसमज. अपील न्यायालय सामान्यतः शिक्षेच्या अंमलबजावणीला स्थगिती देते, दोषसिद्धीला नव्हे. दोषसिद्धीस स्थगिती स्वतंत्रपणे मागावी लागते आणि ती अपवादानेच मिळते. भ्रष्टाचाराच्या प्रकरणांत तर फारच क्वचित.

खासगी क्षेत्र

खासगी नोकरीत हा सारा व्यवहार कराराचा आहे. नियुक्तिपत्रात ‘पडताळणी समाधानकारक ठरल्यास’ अशी अट असते आणि कंपनी हे काम त्रयस्थ पडताळणी संस्थेकडे सोपविते. पत्ता, पदवी, आधीची नोकरी यांबरोबर न्यायालयीन नोंदीही तपासल्या जातात. या संस्थांना पोलिसांचे अभिलेख खुले नसल्याने त्यांचा मोठा आधार म्हणजे न्यायालयांची सार्वजनिक संकेतस्थळे. आणि तेथील शोध बहुधा नावावर चालतो. पाटील, शिंदे, कुलकर्णी अशी आडनावे आणि नेहमीची नावे असलेल्यांच्या बाबतीत काय होऊ शकते, हे सांगावयास नको. अहवालात आपल्या नावापुढे एखादा खटला दिसला, तर खटल्याचा क्रमांक, न्यायालय, आरोपीच्या वडिलांचे नाव आणि पत्ता लेखी मागून घ्यावा. नाव जुळले म्हणजे माणूस जुळला असे नाही, हे दाखविण्याचा दुसरा मार्ग नाही. वैयक्तिक विदा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने नोकरीच्या प्रयोजनासाठी माहिती वापरण्यास नियोक्त्याला बरीच मोकळीक ठेवली आहे. संविधानातील समानतेच्या तत्त्वावर खासगी कंपनीला न्यायालयात खेचणे सहसा शक्य नसल्याने, सरकारी उमेदवाराला मिळणारे २०१६ च्या निकालाचे छत्र येथे नाही.

मुक्तता झाल्यावरही निकालपत्र शोधयंत्रावर सापडते, हा आणखी एक ताप. भारतीय वंशाच्या एका अमेरिकी नागरिकाची अमली पदार्थांच्या खटल्यातून मुक्तता झाली होती आणि दिल्ली उच्च न्यायालयाने ती कायमही केली होती. तरी नाव टाकताच निकाल पुढे येई आणि नोकरी हुकत असे. त्या न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये अंतरिम आदेशाने हा निकाल शोधयंत्रांत दिसू न देण्यास सांगितले. मद्रास उच्च न्यायालयाच्या एका पीठाने त्याच वर्षी तशाच मागणीस नकार दिला. २०२४ मध्ये तेथील खंडपीठाने तो फिरवून नाव वगळण्याचा आदेश दिला आणि जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली.

परदेशी नोकरीसाठी लागणारा पोलीस दाखला पारपत्र कार्यालयातून मिळतो. पारपत्रावरही याच गोष्टीची छाया आहे : अर्जापूर्वीच्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात किमान दोन वर्षांची शिक्षा झाली असेल, तर पारपत्र नाकारता येते. खटला प्रलंबित असेल, तर संबंधित न्यायालयाची परवानगी आणावी लागते. आखातात जाऊ पाहणाऱ्या कोकणातील तरुणांना ही परवानगी वेळेत न मिळाल्यास व्हिसाची मुदत हातून जाते.

खटला संपल्यावर निकालाची प्रमाणित प्रत घेऊन ठेवणे आणि तिची एक प्रत अर्जासह पोलीस ठाण्यात व पोलीस अधीक्षक अथवा आयुक्त कार्यालयात देऊन पोच घेणे, हे काम बहुतेक जण करीत नाहीत. न्यायालयात मुक्तता झालेली असताना ठाण्याच्या नोंदीत प्रकरण ‘न्यायप्रविष्ट’च राहिले, की पडताळणीचा अहवाल तसाच जातो. साक्षांकन नमुना सादर केल्यावर आणि नियुक्तीपूर्वी काही घडले, तर तेही ताबडतोब कळवावे, अशी सूचना नमुन्यातच असते. रकाना अपुरा वाटला तर वेगळ्या कागदावर गुन्हा क्रमांक, कलमे, न्यायालय आणि निकालाची तारीख लिहून तो कागद जोडता येतो. त्याची नोंद मूळ नमुन्यात करून स्वाक्षरी करावी आणि संपूर्ण नमुन्याची छायाप्रत स्वतःजवळ ठेवावी.